हृदयरुग्ण घरी परततो तेव्हा

'त्याने हाय खाल्ली' हा आपल्या भाषेतील एक जुना वाक्प्रचार आहे. धंद्यात बुडालेला, तरणाताठा मुलगा गमावलेला किंवा पत्नीच्या मागे एकटा पडलेला माणूस अंथरुणाला खिळला आणि पुन्हा उठला नाही, की वडीलधारी मंडळी एवढेच बोलत आणि त्यापुढे कोणत्याही निदानाची गरज त्यांना भासत नसे. काळीज आणि काळजी हे शब्दही मराठीने असे शेजारी ठेवले आहेत की ते जुळे वाटावेत. वाईट बातमीने काळजात धस्स होते, काळजीने काळीज पोखरते, आणि धीराच्या एका शब्दाने छातीवरचे ओझे उतरते. आधुनिक वैद्यकाने हे सारे बोलणे बराच काळ काव्याच्या खात्यात टाकले होते. हृदय हा एक पंप आहे, नळ्या तुंबल्या की तो बिघडतो आणि मोकळ्या केल्या की चालू लागतो, असा त्याचा हिशेब होता. तो खोटा नव्हता, अपुरा होता. तो अपुरा असल्याचे वैद्यकाच्या ध्यानात कसे आले, याचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे. हा इतिहास आपल्या घरांशी आणि धर्मग्रामांशी थेट निगडित आहे, हे वाचकांना पुढे दिसून येईलच.

भंडारा जिल्ह्यातील शहापूरचे उदाहरण घेऊ. नागपूरहून मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गाने पूर्वेकडे निघाले की भंडारा शहराच्या अलीकडे हे गाव लागते. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, आणि सभोवती भाताची शेती. चर्चच्या दृष्टीने हा मुलूख १८८७ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९५३ मध्ये महाधर्मप्रांताचा दर्जा मिळालेल्या नागपूर धर्मप्रांतात मोडतो. एकेकाळी अशा गावात छातीत कळ आली म्हणजे रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचेल का, एवढाच प्रश्न असे. आज रस्ता चांगला आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते आणि तिच्यातून गरिबाच्याही हृदयावर उपचार होऊ शकतात. त्यामुळे नागपुरास नेलेला रोगी पुष्कळदा आठवड्याभरात घरी परततो. गाडीतून उतरतो, शेजारी जमतात, चहा होतो, नारळपाणी येते. चार दिवसांनी माणसे पांगतात आणि तो खाटेवर छताकडे पाहत पडून राहतो. आमचा प्रश्न येथून सुरू होतो. यापुढे तो किती जगेल, हे केवळ त्याच्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून आहे काय?

जुन्या वैद्यांनी काय पाहिले

रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातच अशी नोंद आहे की सुख, दुःख, आशा आणि भीती या मनोविकारांचा परिणाम हृदयापर्यंत जाऊन पोहोचतो. ज्याने हृदयाला पंपाचे रूप दिले, त्यालाच हा पंप मनापासून अलग नाही हे ठाऊक होते, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

त्यानंतर दीडशे वर्षांनी लंडनचे विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर यांनी हाच धडा स्वतःच्या देहावर गिरविला. त्यांना अनेक वर्षे छातीच्या कळांचा त्रास होता आणि संताप आला की कळ हमखास उठे. आपला जीव आपल्याला चिडवू पाहणाऱ्या कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती आहे, अशा अर्थाचे ते बोलत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत त्यांच्या म्हणण्याला विरोध झाला. ते रागाने बाहेर पडले आणि शेजारच्याच खोलीत कोसळून मरण पावले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या आढळल्या. या कथेला आणखी एक पदर आहे. देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेनर हे हंटर यांचे शिष्य. छातीच्या कळांचे मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांत असावे, हे जेनर यांना आधीच उमगले होते. परंतु ते प्रसिद्ध केले तर गुरूला आपल्या रोगाचे गांभीर्य कळेल आणि त्यांचे मन खचेल, म्हणून त्यांनी मौन पाळले. रोग्याला किती सांगावे आणि किती झाकावे, हा आजही घरोघरी पडणारा प्रश्न तेव्हा एका महान वैद्याला पडला होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम ऑस्लर यांनी आपल्या १९१० च्या व्याख्यानांत हृदयशूलाच्या रोग्याचे जे चित्र रेखाटले, ते दुबळ्या, भित्र्या माणसाचे नव्हते. धडधाकट, महत्त्वाकांक्षी, आयुष्याचे यंत्र सतत पूर्ण वेगाने चालविणारा माणूस त्यांना आपल्या रोग्यांत दिसत होता. मात्र ही सारी निरीक्षणे होती. आकड्यांची साक्ष अद्याप यायची होती.

खाटेवरून खुर्चीत

झटका आलेल्या रोग्याला त्या काळी चार-सहा आठवडे खाटेवर निश्चल पडून ठेवीत. त्याने स्वतः जेवू नये, कुशीवर वळू नये, असाही दंडक असे. या सक्तीच्या विश्रांतीने रक्ताच्या गुठळ्या होत, फुप्फुसे बिघडत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'आपण आता संपलो' हा विचार रोग्याच्या मनात घट्ट बसे. बोस्टन येथील सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी हा दंडक मोडला. त्यांनी रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच उचलून खुर्चीत बसविले. १९५२ मध्ये त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा अनेकांना हा अघोरी प्रयोग वाटला होता. रोगी दगावले तर नाहीतच, उलट त्यांच्या मनाला उभारी आली. हेच लाउन पुढे अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारणाऱ्यांत होते आणि त्या संघटनेला १९८५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

२४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना तपासणाऱ्या डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी रोग लपविला नाही. त्यांनी वार्ताहरांना सर्व काही सोप्या भाषेत समजावून दिले आणि रोगी पुन्हा कामावर जाऊ शकेल, असेही सांगितले. आयझेनहॉवर १९५६ ची निवडणूक लढले, जिंकले आणि १९६९ पर्यंत जगले. झटका म्हणजे आयुष्याचा शेवट, ही लोकांची समजूत त्या घटनेने जितकी ढिली केली, तितकी एखाद्या औषधानेही केली नसेल. जेनर यांच्या मौनाहून व्हाइट यांचे स्पष्ट बोलणे रोग्याला अधिक उपयोगी ठरले.

खुर्चीच्या झिजलेल्या कडा

सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयतज्ज्ञांच्या दवाखान्यातील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रतीक्षागृहातील खुर्च्यांचे कापड बदलण्यास आलेल्या कारागिराने त्यांच्या पुढच्याच कडा झिजल्याचे दाखविले. येथील रोगी पाठ टेकून बसतच नव्हते, जणू प्रत्येक क्षणी उठून पळण्याच्या तयारीत होते! १९५९ मध्ये या दोघांनी घाई, चढाओढ आणि चटकन उसळणारा राग असलेल्या स्वभावाला 'अ प्रकार' असे नाव दिले. पुढे कॅलिफोर्नियातील ३,१५४ पुरुषांवर साडेआठ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की 'अ' स्वभावाच्या पुरुषांत हृदयविकाराचे प्रमाण सुमारे दुप्पट असते.

हा सिद्धान्त जगभर गाजला. पण इतिहास येथे थांबत नाही, आणि थांबला असता तर तो अर्धसत्य सांगून गेला असता. १९८८ मध्ये त्याच पुरुषांपैकी ज्यांना हृदयविकार जडला होता, त्यांचा पुढील मागोवा प्रसिद्ध झाला. पहिला दिवस निभावून गेलेल्यांत 'अ' स्वभावाचे रोगी शांत स्वभावाच्या रोग्यांपेक्षा अधिक काळ जगले होते! रोग ओढवून घेणारी गोष्ट आणि रोग झाल्यावर माणसाला तारणारी किंवा मारणारी गोष्ट एकच असेल असे नाही, हा त्याचा अर्थ. पुढे २०१२ मध्ये जुन्या कागदपत्रांवरून हेही उजेडात आले की या स्वभावविषयक संशोधनाला सिगारेट कंपन्यांनी पैसा पुरविला होता. दोष ताणतणावावर गेला की तंबाखूवरची नजर हटते, हा त्यामागील हिशेब! भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात, जेथे तेंदूपत्त्यावर आणि बिडीवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, तेथे ही गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. मनाच्या महत्त्वाची चर्चा म्हणजे बिडीला दिलेला माफीनामा नव्हे.

एका धर्मग्रामाची कथा

आता आमच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल अशी कथा. इटलीतील रोझेतो वाल्फोर्तोरे या गावची गरीब कॅथलिक माणसे १८८२ पासून अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात जाऊन स्थायिक झाली. पाटीच्या दगडांच्या खाणींत ती राबत. आपल्या नव्या वस्तीलाही त्यांनी रोझेतो हेच नाव दिले. १८९७ मध्ये पास्क्वाले दे निस्को नावाचे धर्मगुरू तेथे आले. त्यांनी लोकांना बागा लावायला, मंडळे स्थापायला आणि सण एकत्र साजरे करायला शिकविले. कार्मेल मातेच्या चर्चभोवती गाव वाढले. तीन पिढ्या एका छपराखाली राहत, आणि श्रीमंताने आपली श्रीमंती मिरवू नये असा अलिखित नियम होता.

१९६० च्या सुमारास स्ट्युअर्ट वुल्फ या डॉक्टरांना तेथील एका स्थानिक वैद्यांकडून कळले की या गावात हृदयविकाराचे रोगी फारसे आढळत नाहीत. चौकशी केली तेव्हा बोलणे खरे निघाले. पंचावन्न वर्षांखालील पुरुषांत हृदयविकाराने मृत्यू जवळपास नव्हताच. बरे, हे लोक काही व्रतस्थ नव्हते. डुकराच्या चरबीत तळलेले खात, मद्य पीत, धूम्रपान करीत, कित्येकांची अंगेही स्थूल होती. शेजारच्या बँगोर गावाची हवा, पाणी आणि दवाखाने तेच असूनही तेथे मृत्यू अधिक होते. १९६४ मध्ये वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि माणसांच्या घट्ट विणीकडे बोट दाखविले. ही वीण सुटली तर संरक्षणही जाईल, असा इशाराही त्यांनी दिला. तसेच घडले. तरुण शिकून बाहेर पडले, स्वतंत्र बंगले आणि कुंपणे आली, मोटारींची ईर्ष्या आली. १९३५ ते १९८५ अशा पन्नास वर्षांच्या नोंदींची तुलना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा रोझेतो आणि बँगोर यांच्यातील जुना फरक पुसला गेल्याचे दिसले.

एक छोटे गाव, थोडे मृत्यू, त्यामुळे या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले आहेत आणि ते रास्त आहेत. एका गावावरून जगाचा नियम काढता येत नाही. तरीही एक धर्मगुरू, एक चर्च आणि एकमेकांच्या ओट्यावर बसणारी माणसे यांचा संबंध आयुर्मानाशी असू शकतो, हा प्रश्न रोझेतोने वैद्यकाच्या मेजावर ठेवला आणि तो पुन्हा उचलता आला नाही.

रुग्णालयातून सुटल्यावर

यानंतर संशोधकांनी नजर वळविली ती घरी परतलेल्या रोग्याकडे. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयरोग अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या ९२ रोग्यांचा वर्षभराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कोणते सामाजिक घटक रोग्याला तारतात, हे त्यांना शोधायचे होते. उत्तर अनपेक्षित आले. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, तर नसलेल्या ३९ जणांपैकी ११. कुत्र्याला फिरविण्याने व्यायाम होतो म्हणून हे घडले असावे, असे म्हणावे तर मांजर-पाखरे पाळणाऱ्यांतही फरक दिसत होता. संख्या लहान होती आणि नंतरच्या सर्व अभ्यासांनी तीच साक्ष दिली असे नाही. तरी आपली वाट पाहणारा, आपल्या हातून खाणारा एक जीव घरात असणे म्हणजे काय, हे गोठ्यातल्या गायीच्या हंबरण्याने सकाळी उठणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रूबरमन यांनी झटक्यातून वाचलेल्या २,३२० पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. जे एकाकी होते आणि ज्यांच्या जीवनात ताणही मोठा होता, त्यांचा मृत्यूचा धोका हे दोन्ही नसलेल्यांच्या चौपटीहून अधिक होता. १९९२ मध्ये ड्यूक विद्यापीठातील रेडफोर्ड विल्यम्स यांनी १,३६८ रोग्यांचा अभ्यास मांडला. जे अविवाहित होते आणि ज्यांना मनातले सांगण्याजोगे एकही माणूस नव्हते, त्यांपैकी पाच वर्षांनी निम्मेच जिवंत होते. विवाहित किंवा असा एखादा जिवलग असलेल्यांत हे प्रमाण शेकडा ८२ होते. लक्षात घ्या, शंभर ओळखी मोजल्या नव्हत्या. एक माणूस पुरत होता.

१९९३ मध्ये माँट्रियलच्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी हाय खाण्यालाच जणू मोजमाप लावले. झटका आलेल्या २२२ रोग्यांची त्यांनी रुग्णालयातच मुलाखत घेतली. ज्यांना खिन्नतेच्या आजाराने, म्हणजे नैराश्याने, ग्रासले होते, त्यांचा सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा संभव इतरांच्या चार-पाच पट होता. हृदयाचे स्नायू किती दुबळे झाले आहेत यावरून जितके भाकीत करता येते, तितकेच या खिन्नतेवरूनही करता येत होते. घरातील आजीचे निदान अशा रीतीने वैद्यकाच्या नियतकालिकात पोहोचले.

हे घडते कसे? याचे दोन मार्ग सांगता येतात. पहिला देहाच्या आतला. भीती आणि खिन्नता दीर्घकाळ टिकली की ताणाची संप्रेरके रक्तात वाढतात, नाडी वेगाने चालते, प्रसंगानुसार ठोक्यांत होणारा लवचीक बदल कमी होतो, रक्तातील बिंबिका चिकट होऊन गुठळी लवकर धरतात, आणि जखमी हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. तीव्र आघाताने हृदयाचा आकारच तात्पुरता पालटतो, हे १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवून दिले. ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून त्या विकाराला 'ताकोत्सुबो' हे नाव पडले. दुसरा मार्ग साधा आणि रोजचा. खचलेला माणूस गोळ्या चुकवितो, चालायला जात नाही, सुटलेली बिडी पुन्हा हाती धरतो, आणि पुन्हा कळ आली तर कोणाला हाक मारावी म्हणून पहाटेपर्यंत गप्प राहतो.

औषध सापडले काय?

रोग कळला म्हणजे औषध सापडले असे होत नाही. १९८६ मध्ये फ्रीडमन यांनी झटक्यातून वाचलेल्या सुमारे हजार रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. साडेचार वर्षांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण केवळ वैद्यकीय सल्ला मिळालेल्यांत शेकडा २१.२ होते. घाई आणि राग सोडण्याचे धडे गटात बसून घेतलेल्यांत ते शेकडा १२.९ वर आले. आशा वाढली. परंतु १९९७ मध्ये माँट्रियल येथेच १,३७६ रोग्यांवर झालेल्या प्रयोगात दूरध्वनीवरून चौकशी आणि परिचारिकांच्या घरभेटी यांनी मृत्यू घटले नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत तर परिणाम उलटा झाला की काय, अशी शंका आली. २००३ मध्ये २,४८१ रोग्यांवरील मोठ्या अमेरिकन प्रयोगात मानसोपचाराने खिन्नता कमी झाली आणि एकाकीपणाही उणावला, पण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. नोंदवहीत खूण करण्यासाठी केलेली विचारपूस आणि आपलेपणाचा शेजार यांत अंतर आहे, असे आम्हाला यावरून वाटते. तथापि हा आमचा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

श्रद्धावंत वाचक येथे विचारतील, की प्रार्थनेचे काय? तोही प्रयोग झाला आहे आणि त्याचे उत्तर झाकून ठेवणे योग्य नव्हे. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयातील ३९३ हृदयरुग्णांवरील अभ्यासात प्रार्थना केलेल्यांचा रुग्णालयातील काळ काहीसा बरा गेला, असा दावा झाला. पण २००६ मध्ये १,८०२ बायपास रुग्णांवर अधिक काटेकोर प्रयोग झाला. अनोळखी माणसांच्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात ती शेकडा ५९ निघाली, तर न सांगितलेल्या दोन गटांत ५२ आणि ५१. कदाचित 'माझी स्थिती इतकी वाईट आहे काय?' ही भीती रोग्यांच्या मनात शिरली असेल. आमच्या मते यात श्रद्धेचा पराभव नाही, कारण देवाला तराजूत घालणे हा प्रार्थनेचा हेतू कधीच नव्हता. पण एक बोध आहे. रोग्याच्या उशाशी बसून हात हाती घेऊन केलेली प्रार्थना आणि दुरून यादी वाचून केलेली प्रार्थना रोग्याच्या मनाला सारखी पोहोचत नाहीत. रुग्णाभ्यंगाचा संस्कार केवळ मरणाच्या दारी द्यावयाचा नसून आजारी माणसाला बळ देण्यासाठी आहे, हे चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्पष्ट केले. त्यामागेही हीच जाण आहे. धर्मगुरू घरात आले म्हणजे आता सारे संपले, असे रोग्याला वाटू नये, ही जबाबदारी आपली आहे.

अलीकडे थोडे आशादायक वर्तमानही आहे. २०१४ मध्ये अमेरिकन हृदय संघटनेने झटक्यानंतरच्या खिन्नतेला धोक्याचा घटक मानावे, अशी शिफारस केली. २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील ३०० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खिन्नतेवरील औषध सहा महिने घेतलेल्यांत पुढील आठ वर्षांत हृदयाचे गंभीर प्रसंग शेकडा ४०.९ आढळले, तर न घेतलेल्यांत ५३.६.

आपल्या देशातील साक्ष

हे सारे परदेशचे झाले, असे कोणी म्हणेल. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या पाहणीत भारतही होता, आणि मनावरील ताण हा येथेही पहिल्या झटक्याच्या प्रमुख कारणांत मोडला. त्याच पाहणीतून हे कळले की दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतरत्र जवळपास ५९ व्या. म्हणजे आपल्याकडचा रोगी पुष्कळदा लेकीच्या लग्नाची आणि मुलाच्या शिक्षणाची चिंता डोक्यावर असतानाच पडतो.

बंगळूरच्या सेंट जॉन्स या कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. डेनिस झेवियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ५० शहरांतील २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तीस दिवसांत गरीब रोग्यांपैकी शेकडा ८.२ दगावले होते, तर सधनांपैकी ५.५. गरिबांना योग्य औषधे आणि शस्त्रक्रिया कमी मिळत होत्या, हे त्याचे मुख्य कारण. तेव्हा आपल्याकडे 'मन खंबीर ठेवा' हा उपदेश करण्यापूर्वी गोळ्यांचे पैसे आहेत का, हे विचारले पाहिजे. पैशाची विवंचना हीही काळजाला लागलेली वाळवीच आहे. त्याच संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १४ रुग्णालयांतील ८०६ रोग्यांपैकी निम्म्यांच्या मदतीला प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते दिले गेले. वर्षअखेर त्यांचे औषध घेण्यातले सातत्य अधिक चांगले आढळले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. घरी येऊन समजावून सांगणारी माणसे होती.

विदर्भाने तर या विषयावर मराठीला एक मोलाचे पुस्तक दिले. गडचिरोलीत आदिवासींमध्ये काम करणारे डॉ. अभय बंग यांना चाळिशीतच हृदयविकाराने गाठले. स्वतः वैद्य असून आपण कसे सापडलो आणि आहार, व्यायाम, ध्यान व माणसांशी असलेले नाते यांच्या आधारे कसे सावरलो, हे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडले. ते पुस्तक घरोघरी गेले, कारण रोगी स्वतःच्या तोंडाने आपल्या भीतीविषयी बोलत होता. आपल्याकडे, विशेषतः पुरुषांनी, हे बोलण्याची रीत नाही.

आपण काय करावे

या इतिहासातून आम्हाला चार गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. पहिली, घरी परतल्यानंतरचे पहिले सहा महिने नाजूक असतात. चहाला जमलेली गर्दी पहिल्या आठवड्यात असते, खरी गरज दुसऱ्या महिन्यात असते. धर्मग्रामातील विन्सेंट डी पॉल मंडळाने किंवा शेजारच्या चार कुटुंबांनी वार वाटून घेतले, तर रोज एक माणूस दारी येईल. दुसरी, रोग्याला खाटेवरचा देव करून ठेवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला चालू द्यावे, बाजारहाट करू द्यावी, कोंबड्यांना दाणे टाकू द्यावेत. आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत, ही भावना त्याला हवी असते. तिसरी, झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, कशातच रस न वाटणे, 'आता काय राहिले' असे वारंवार म्हणणे ही दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तो स्वभाव किंवा अश्रद्धा समजू नये. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि हृदयाच्या डॉक्टरांनाच ते सांगावे. चौथी, हृदयाच्या गोळ्या आणि तंबाखूपासून दूर राहणे यांना प्रेम हा पर्याय नाही. पण प्रेमाच्या माणसाने दिलेली गोळी चुकत नाही.

आणखी एक सावधगिरी. मनाचे महत्त्व कळले म्हणून रोग्यालाच दोष देण्याचा मोह होतो. 'तू काळजी करतोस म्हणून तुला हे झाले' असे म्हणणे म्हणजे पडलेल्यावर आणखी धोंडा टाकणे होय. एकाकीपण हा एकट्याचा अपराध कधीच नसतो, त्यात आजूबाजूच्या सर्वांचा वाटा असतो. शहापूरसारख्या गावातील मुले पुण्या-नागपुरास गेली, हा त्यांचा गुन्हा नाही. पण त्यांचे आईवडील ज्या गल्लीत राहतात, त्या गल्लीला आपले कर्तव्य आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये ११ फेब्रुवारी हा जागतिक आजारी दिन म्हणून घोषित केला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी मिस्सा होते, हे योग्यच आहे. मात्र वर्षाचे उरलेले दिवसही त्यांच्या खात्यावर जमा व्हावेत. आपल्या धर्मग्रामात गेल्या सहा महिन्यांत हृदयविकारातून उठून कोण घरी आले आहे, याची यादी करायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. या रविवारी मिस्सेनंतर ती करावी आणि तिच्यातील पहिल्या नावाच्या दारी त्याच संध्याकाळी जावे.